मक्याची धाटं कुणाची?

"तिथं नांगरच नाहीत म्हणतेस. मग नांगरू नका हे सांगायला तुला कशाला नेतायत?"

जून २०२२ मध्ये मी आफ्रिकेतल्या मलावीला, एका शेती प्रकल्पावर निघाले तेव्हा अण्णांनी बॅग बांधता बांधता विचारलं होतं. आमचं घर वाळवा तालुक्यातलं, ऊसवाल्यांचं. नांगरट, रोटाव्हेटर, सरी हे शब्द मला बाराखडीच्या आधी आले असतील. अण्णांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे पुस्तकी उत्तर होतं. खरं उत्तर इथे आल्यावर आठवडाभरात मिळालं.

मी राहते तो बलाका जिल्हा देशाच्या दक्षिण भागात आहे. बैल मोजक्यांकडे आणि ट्रॅक्टर दिसलाच तर डांबरी रस्त्यावर. सगळी शेती खासूवर चालते. खासू म्हणजे आखूड दांड्याची, रुंद पात्याची हातकुदळ. पावसाळा एकच, नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. त्याच्या आधी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या उन्हात, बाया-बाप्ये कमरेत वाकून वरंबे घालतात. मागच्या वर्षीचा वरंबा फोडायचा, माती बाजूच्या सरीत ओढायची, जिथे सरी होती तिथे नवा वरंबा करायचा. दोन वरंब्यांत साधारण ९० सेंटिमीटर. एका रात्री मी कागदावर हिशेब मांडला, तर एकरात साडेचार किलोमीटर वरंबा होतो. दरवर्षी, हाताने. आपल्याकडे नांगरट म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला फोन आणि डिझेलच्या नावाने चार शिव्या. इथे नांगरट म्हणजे माणसाची कंबर.

एवढा घाम गाळून खाली होतं काय, तर खासूचा घाव दरवर्षी त्याच खोलीवर पडतो आणि वीतभर खाली मातीचा कडक थर बसतो. काढणीनंतर उभं राहिलेलं मक्याचं एखादं धसकट उपटून बघा. मूळ सरळ खाली जायला निघालेलं असतं आणि त्या थरावर काटकोनात आडवं वळलेलं असतं. पावसाने दहा दिवस दडी मारली की त्या आडव्या मुळाला ओल मिळत नाही.

त्यावर सांगितला जाणारा उपाय ऐकायला सोपा आहे. माती उलथू नका, काठीने भोक पाडून बी टोकणा. मक्याची धाटं, पाला रानातच पसरून जमीन झाकलेली ठेवा. आणि मका एकटा घेऊ नका, सोबत तूर, भुईमूग, चवळी काहीतरी असू द्या. इथल्या चिचेवा भाषेत याला 'म्तायाखासू' म्हणतात, म्हणजे खासू टाकून द्यायची शेती. नाव ज्याने ठेवलं त्याला माणसं कळत होती. 'संवर्धित शेती' या आपल्या कृषी विद्यापीठी शब्दापेक्षा शंभर पटींनी बरं.

माझी पहिली शेतकरी एक पन्नाशीची बाई. तिचं नाव इथे देत नाही. सगळे तिला 'अमायी' म्हणतात, म्हणजे आई, आणि मीही तेच म्हणते. तिने चार वरंब्यांच्या लांबीएवढा तुकडा दिला. चांगला नाही, कडेचा. "बिघडला तर माझी पोरं उपाशी राहायला नकोत." मला ते पटलं. आमच्या वाड्यातल्या कुणीही नवीन बियाणं आधी बांधाकडेच लावलं असतं. आम्ही दोघींनी धाटं आडवी पाडली, सगळा तुकडा झाकला, मी फोटो काढले आणि कार्यालयात पाठवले.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी गेले, तर सगळं काळं. राख, आणि राखेत जागोजागी उकरलेले खड्डे.

मला वाटलं, कुणीतरी डाव साधला. परकी बाई, नवं काहीतरी, गावात कुणाला तरी खुपलं असणार. अमायी मात्र रागावलेली नव्हती, थोडी ओशाळली होती. "म्बेवा," ती म्हणाली. उंदीर.

कोरड्या दिवसांत पोरं रानातला काडीकचरा पेटवतात. आग लागली की उंदीर बिळात शिरतात, मग बिळं उकरून ते धरायचे. उकडायचे, मीठ लावून वाळवायचे आणि फोडलेल्या बांबूच्या काडीत ओळीने अडकवून हायवेला उभं राहायचं. ब्लँटायर-लिलाँग्वे रस्त्यावर या भागातून जाताना दोन्ही बाजूंना पोरं या काड्या हलवत गाडीमागे धावतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवलं होतं, हे कबूल करते. पण ज्या घरात मांस महिन्या-दोन महिन्यांनी शिजतं, तिथे ती काडी म्हणजे पोराची कमाई आणि घरचं कालवण. त्यात गंमत अशी की जमीन पाल्याने झाकली की उंदरांना ऊब आणि आडोसा मिळतो. अख्ख्या शिवारात सगळ्यात जास्त उंदीर आमच्याच तुकड्यात होते. पोरांनी अगदी बरोबर जागा निवडली होती!

त्या रात्री अण्णांना फोन केला. हसले खूप. मग म्हणाले, "तू तिकडच्या पोरांवर चिडू नको. आपण पाचट किती वर्षं जाळलं? आणि आपण तर उंदीरही खात नव्हतो." बरोबर होतं. लहानपणी तोडणी झाली की रात्री पेटलेली रानं बघायला आम्ही गच्चीवर जायचो. एक आड एक सरीत पाचट ठेवायला अण्णांनी सुरुवात केली ती फार उशिरा, तीही शेजाऱ्याचं पाणी कमी लागतंय हे डोळ्यांनी बघितल्यावर. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या शेतावर, नांगरट आणि चिखलणी न करता गादीवाफ्यावर टोकलेला भात बघायला मी कॉलेजात असताना गेले होते. तेव्हा मला प्रश्न पडला होता की हे सगळे का करत नाहीत? आता तो प्रश्न आठवला की लाज वाटते.

मग गावच्या म्फुमुकडे, म्हणजे मुखियाकडे गेले. आंब्याखाली बसायचं, आधी तब्येतीची, घरच्यांची, पावसाची विचारपूस, मग काम. म्हाताऱ्याने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग जे सांगितलं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

हा देश न्यासालँड होता तेव्हा, १९४०-५० च्या दशकांत, इंग्रजांनी जमिनीची धूप थांबवण्यासाठी वरंबे आणि बांध घालायची सक्ती केली होती. न घालणाऱ्याला दंड, नाहीतर तुरुंग. लोक त्या नियमांना 'मालिमिद्वे' म्हणायचे आणि त्यांच्यावरचा राग पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरला. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण वरंबे राहिले. नव्या सरकारच्या कृषी खात्यानेही तेच शिकवले. म्फुमुच्या वडिलांनी वरंबे घातले नाहीत म्हणून दंड भरला होता, आणि त्याने स्वतः नीट वरंबे घालतो म्हणून कौतुक ऐकलं होतं.

"तेव्हा बाहेरून आलेले म्हणाले, घाला," तो म्हणाला. "आता बाहेरून आलेले म्हणतात, मोडा. तुझ्यानंतर येईल तो काय म्हणेल?"

मी गप्प बसले. त्याने जळलेल्या तुकड्याचा विषय मात्र सोडला नाही. ज्या रानाच्या चारी कोपऱ्यांना गवताची पेंडी बांधलेली काठी असेल, तिथे पोरांनी आग लावायची नाही, उकरायचं असेल तर नुसतं उकरायचं. कुणी मोडलं तर एक कोंबडी दंड. हा नियम त्याने केला. इंग्रजांचा दंड आणि त्याचा दंड यात फरक काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्या हंगामात मका पिवळा पडला. हे व्हायचंच होतं. धाटं कुजताना त्यांच्यातले जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः उचलतात, पिकाला सुरुवातीला कमी पडतं. मी शाळकरी उत्साहात हे समजावून सांगितलं, पण पिवळं पीक दिसत होतं सगळ्या गावाला आणि माझं स्पष्टीकरण ऐकायला होती फक्त अमायी. तणही भरपूर. माती उलथली नाही की तण माजतं, पहिली दोन वर्षं तर फारच, आणि खुरपणी बायकांच्याच वाट्याला. तणनाशक हा त्यावरचा सोपा मार्ग सांगितला जातो. पण पाठीवरचा पंप, हातमोजे, स्वच्छ पाणी यातलं काय यांच्याकडे आहे? मी शिफारस करत नाही. यावरून आमच्या कार्यालयात वाद होतात, होऊ देत.

आणखी एक गोष्ट दिसली. सोबत खत-बियाणं फुकट मिळतं तोवर शेतकरी पाला पसरतात. प्रकल्प संपला की पुढच्या ऑगस्टला वरंबे परत. फुकट मिळेपर्यंतच्या त्या पाला पसरण्याला आमच्या अहवालांत 'अवलंब' म्हणतात. मी त्याला हजेरी म्हणते.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. ब्लँटायरकडे डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. मेलेली आणि बेपत्ता माणसं मिळून आकडा हजारावर गेला. आमच्याकडे तसं झालं नाही, पण दिवस-रात्र पाऊस लागून राहिला आणि ठिकठिकाणी वरंबे फुटून घळी पडल्या. अमायीच्या तुकड्यावर पाणी पाल्यातून झिरपत राहिलं. ती पावसात उभी राहून ते बघत होती. बोलली काही नाही. पण पुढच्या वर्षी तुकडा दुप्पट केला, तोही रस्त्याकडेचा.

आता बकऱ्या. काढणी झाली की इथे गुरं-बकऱ्या मोकळी सोडतात आणि मग रान सगळ्यांचं. तुमच्या रानातली धाटं तुमची फक्त कणसं काढेपर्यंत. हे बदला म्हणणं म्हणजे गावच बदला म्हणणं, आणि माझ्या सांगण्याने ते झालं नसतं. झालं ते तुरीमुळे.

तुरीला इथे 'नांदोलो' म्हणतात. मक्यात पेरलेली लांब मुदतीची तूर मका निघाल्यावरही उभी राहते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तयार होते. तिचं मूळ तो कडक थर फोडतं, पाला गळून जमीन झाकली जाते. पण बाकी सगळं रान मोकळं झालेलं, हिरवं म्हणून उरलेली एकटी तूर, मग बकऱ्या दुसरं काय खाणार? ही तूर जाते कुठे, तर बरीचशी भारतात. इथले लोक मला आधी दुकानवाली समजायचे, कारण त्यांच्या लेखी भारतीय म्हणजे शहरातले गुजराती दुकानदार. तूर निघाली की मात्र विचारतात, तुम्ही खरंच एवढी खाता? मी वरणाचं वर्णन करते. २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर बंधन घातलं तेव्हा इथे भाव कोसळला होता, आणि बाजारातली एक म्हातारी अजून मला त्याचा जाब विचारते. जणू मीच दिल्लीत बसून सही केली होती. २०२१ च्या करारात भारताने वर्षाला ५० हजार टन तूर मलावीकडून घ्यायचं ठरवलं आणि तुरीला पुन्हा किंमत आली.

किंमत आली तशा बकऱ्या डोळ्यांवर आल्या. २०२३ मध्ये म्फुमुच्या आंब्याखाली बैठक झाली, मला बोलावलं नव्हतं. तूर निघेपर्यंत बकऱ्या खुंटीला, असं ठरलं. माझी धाटं तुरीच्या पदराआड वाचली.

पुढचा हंगाम एल निन्योचा. फेब्रुवारी २०२४ जवळजवळ कोरडा गेला, ऐन कणसं भरायच्या वेळी. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. अमायीच्या वरंब्यावरच्या मक्याची पानं सकाळी नऊलाच सुरळी व्हायची, पाल्यातल्याची दुपारी. मोजायला म्हणून आम्ही सारखेच दोन तुकडे वेगळे काढले: वरंब्यावर दीड पोतं, पाल्यात जरा कमी तीन. एका घरच्या एका वर्षाच्या हिशेबाने शास्त्र सिद्ध होत नाही, आणि तीन पोत्यांत त्या घराचं वर्षही निघत नाही. पण गावातल्या अकरा जणींनी यंदा धाटं पाडून ठेवली. खत कुणालाच दिलेलं नाही.

अकरा जणीच, पुरुष नाही. यालाही कारण आहे. इथे जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. आपल्या भाषेत सगळे घरजावई. बायको गेली किंवा बिनसलं तर त्याने आपलं बोचकं उचलून आईच्या गावी परतायचं. ज्या जमिनीवर पाच वर्षांनी आपण असू की नाही माहीत नाही, तिच्या पोतासाठी तो आज का झिजेल? त्याला याच वर्षीचा मका हवा. आणि वरंबे सुबक घातले की सासुरवाडीला दिसतं, जावई कष्टाळू आहे. पाला पसरलेलं रान दिसायला आळशाचं.

गेल्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या ऐन उन्हात, अमायीकडे गेले तर तिचा नवा जावई त्याच तुकड्यात खासू चालवत होता. पाला बाजूला ओढून, दोरी लावल्यासारखे सरळ सहा वरंबे. घामाने निथळत होता आणि कौतुकाची वाट बघत होता. मी अमायीकडे बघितलं. ती दारात तूर निवडत होती. उठली, त्याच्या हातातून खासू घेतला, त्याला पाणी दिलं. वरंबे मोडू का, मी विचारलं.

"राहू देत," ती म्हणाली. "त्याने घातलेत. सहा त्याचे, बाकीचं माझं."

ढग अजून आलेले नाहीत. टोकणकाठ्या मी तासून ठेवल्यात.