लेदर सोफ्याचा रंग डबा उघडण्याआधीच बिघडतो

पुन्हा रंगवलेल्या सोफ्याच्या हातांवरून तीन-चार महिन्यांत पापुद्रे निघू लागले की दोष रंगाला दिला जातो. बहुतेक वेळा रंग ठीक असतो, पण त्याच्याखाली तेल राहून गेलेलं असतं.

टॅनरीत, म्हणजे कातडं कमावण्याच्या कारखान्यात, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं फिरत्या ड्रममध्ये रंगवतात. आधी डाय, म्हणजे विरघळणारा रंग, आतपर्यंत मुरू देतात आणि मग फॉर्मिक ॲसिड घालून तो तंतूंवर पक्का करतात. पण बहुतेक सोफ्यांवर डोळ्यांना दिसतो तो रंग हा नव्हे. त्यावर पिगमेंट (न विरघळणारी, वर बसणारी रंगाची बारीक पूड) आणि ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन रेझिनचे पातळ थर असतात आणि सगळ्यात वर पारदर्शक टॉपकोट. झिजतात ते हे वरचे थर, आणि दुरुस्तीही त्यांचीच करायची असते.

म्हणून आधी माल ओळखा. आडोशाच्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. तो मिनिटभर तसाच उभा राहिला तर लेदर पिगमेंटेड आहे आणि पुढची पद्धत त्यालाच लागू पडते. थेंब लगेच मुरून गडद डाग पडला तर ते ॲनिलिन (फक्त डायने रंगवलेलं, वर पिगमेंटचा थर नसलेलं) किंवा नुबक (घासून मखमली केलेलं) लेदर आहे. त्यावर पिगमेंट चढवलं की त्याचा मऊ स्पर्श कायमचा जातो. नंतर गादीची चेन उघडून मागची बाजू पाहा. तंतू दिसले तर कातडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. अनेक सोफ्यांत बैठक लेदरची असते, पण बाजू आणि पाठ रेक्झिनची, त्यामुळे प्रत्येक भाग वेगळा तपासावा लागतो. पीयू (पॉलियुरेथेन) रेक्झिनचा थर कापडापासून सुटायला लागला असेल तर त्यावर पैसे घालवू नका. आपल्या दमट हवेत तो थर आतूनच विघटित होत असतो. सुटणाऱ्या थरावर मारलेला रंग त्याच्यासोबतच गळून पडतो.

खरं काम साफसफाईचं. डोकं टेकतं तिथे आणि सोफ्याच्या हातांवर खोबरेल तेल, घाम आणि त्वचेवरचा तेलकटपणा वर्षानुवर्षं मुरलेला असतो. तिथला काळा चिकट थर नुसता मळ नसतो, तेलाने मऊ पडलेलं जुनं फिनिश त्यात मिसळलेलं असतं. आधी लेदर क्लीनरचा फेस आणि मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेलं पांढरं सुती कापड. कापड दर वेळी बदलायचं. चिकट भाग सुटेपर्यंत पुसत राहायचं, मग तिथला मूळ रंग निघाला तरी चालेल. तेल खोल गेलं असेल तर डीग्रीझर (तेल काढणारं द्रावण) लावून ते शोषून घ्यावं लागतं, आणि हे दोन-तीनदा करावं लागतं. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी ती जागा पुन्हा चिकट लागली तर तेवढा तुकडा बदलून घ्यावा. तिथे कोणताच रंग टिकणार नाही.

चकाकीसाठी मारलेला सिलिकॉन स्प्रे आणि बुटाचं पॉलिश यांचाही असाच त्रास होतो. सिलिकॉन राहिलं की ओला रंग गोल खड्डे पडल्यासारखा फाटतो. पॉलिशच्या मेणावर रंग धरत नाही.

मग 400 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून जुनी चकाकी मोडायची, कातड्याचा दाणा (पृष्ठभागाची नैसर्गिक नक्षी) मात्र खरवडायचा नाही. भेगांत लवचिक लेदर फिलर पातळ थरांत भरायचं. एकदम जाड भरलं तर बसताक्षणी त्याला चीर जाते.

रंग जुळवायचा तो पुसून स्वच्छ केलेल्या, ऊन न लागलेल्या भागाशी. ओलं पिगमेंट दुधट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. म्हणून ठिपका लावून हेअर ड्रायरने वाळवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. तीन आसनी सोफ्याला अर्धा ते एक लिटर रंग धरावा. पहिला हात स्पंजने चोळून द्यायचा, बैठक ताणून धरून, नाहीतर सुरकुत्यांत फिकट रेघा राहतात. पुढचे तीन-चार हात स्प्रे गनने, 20 ते 25 सेंटीमीटर अंतरावरून, धुकं पडावं इतके पातळ. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. एक जाड हात चार पातळ हातांचं काम करत नाही, तो वरून वाळतो आणि आत ओला राहतो.

टॉपकोटच्या आधी वाळलेल्या रंगावर सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. टेपवर रंग आला तर थांबा आणि तो भाग पुन्हा साफ करा. ही चाचणी वगळू नका.

टॉपकोटचे दोन-तीन हात पुरतात. त्यात घालायचं क्रॉसलिंकर नावाचं रसायन थरांना जाळ्यासारखं बांधतं. ते बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच मोजून घाला. कमी पडलं तर रंग कपड्यांना लागतो, जास्त झालं तर थर कडक होऊन तडकतो. मिसळलेलं द्रावण उद्यासाठी ठेवता येत नाही. क्रॉसलिंकर हाताळताना हातमोजे, आणि फवारताना वाफा गाळणारा रेस्पिरेटर हवाच. साध्या कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. घरात चकचकीत फिनिशपेक्षा मॅट घ्या. चकाकीत प्रत्येक उंचसखल जागा उठून दिसते.

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नये. हवेतच इतकं पाणी असतं की पाण्यात कालवलेला रंग नीट वाळत नाही आणि टॉपकोट धुरकट होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. काम झाल्यावर किमान 24 तास सोफ्यावर बसायचं नाही, आणि आठवडाभर ओलं कापड लावायचं नाही.