डाव्या हातातला मास्क

क्रिकेटच्या पंचापासून चेंडू लांब जातो. बेसबॉलच्या प्लेट पंचावर, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीच्या (‘प्लेट’च्या) मागच्या पंचावर, तो चालून येतो. 2016 च्या जानेवारीत कॅनबेराला भारताविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात जॉन वॉर्ड हेल्मेट घालून उभे राहिले, तर त्याची बातमी झाली. बेसबॉलमध्ये बातमी व्हायची तर प्लेटमागे कोणीतरी मास्कशिवाय उभं राहायला हवं.

चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे आपल्या सीझन बॉलपेक्षा थोडा हलकाच. पण ताशी सव्वाशे किलोमीटरने आलेल्या चेंडूला बॅटची निसटती कड लागली, की तिथून पंचाच्या तोंडापर्यंतचं दीडेक मीटर अंतर तो साधारण सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कापतो. एवढ्यात पापणीसुद्धा मिटून होत नाही. त्यामुळे ‘अंगावर येताना दिसला की मान वळवू’ हा विचार घरीच ठेवून यायचा. मान वळवली तर उलट नुकसान होतं. साध्या मास्कची जाळी फक्त समोर असते. मान वळली की कानशील चेंडूपुढे येतं. समोर बघत, डोकं न हलवता उभं राहायचं आणि मास्कला त्याचं काम करू द्यायचं.

अमेरिकेत लिटल लीगचे, म्हणजे मुलांच्या बेसबॉलचे, पंच बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतात. न्यू जर्सी काय किंवा कॅलिफोर्नियातला बे एरिया काय, मुलांना मैदानावर सोडायला गेलेल्या मराठी आईबाबांनाही कधी ना कधी ‘आज प्लेटमागे उभे राहाल का?’ असं विचारलं जाऊ शकतं. आपल्याकडच्या शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांतल्या नवख्या पंचांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू आहे.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, की जाळीचा साधा मास्क घ्यावा की हॉकीच्या गोलकीपरसारखं पूर्ण हेल्मेट. मास्क जुना. 1877 च्या सुमारास हार्वर्डच्या फ्रेड थेयरने तलवारबाजीचा मास्क बघून कॅचरसाठी (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, आपला यष्टिरक्षकच) तो करून घेतला आणि पुढच्या वर्षी त्याचं पेटंट मिळवलं. हेल्मेट अलीकडचं, टोरंटोचा कॅचर चार्ली ओब्रायन 1996 मध्ये ते घालून उतरला, तेव्हापासून रुळलं. मास्कची चौकट पोलादाची असेल तर पॅडसकट पाऊण किलोच्या आसपास भरते, टायटॅनियमची असेल तर पाचसहाशे ग्रॅम. हेल्मेट किलोच्या वर जातं.

वजनाइतकाच दुसरा फरक महत्त्वाचा आहे. मास्कवर चेंडू तिरका बसला तर मास्क थोडा फिरतो, सरकतो आणि धक्क्याचा काही भाग त्यातच जिरतो. हेल्मेट डोक्याला घट्ट धरून असतं, पण कान, कानशील आणि डोक्याची मागची बाजू झाकतं. हाताने भिरकावलेल्या बॅटपासून आणि घुमून मागे येणाऱ्या बॅटपासून हेल्मेटच वाचवतं. लहान मुलांच्या सामन्यात बॅट हातातून सुटणं नवं नाही आणि कॅचरही कच्चा असतो. तिथे उकाडा सोसून हेल्मेटच घालावं, असं माझं मत आहे. मोठ्यांच्या सामन्यात, कॅचर सरावलेला असेल तर, चांगल्या पॅडचा मास्क पुरतो. डोक्याला आधी कधी जबर मार बसला असेल, तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय दोन्हीपैकी काहीही घालून उभं राहू नका.

‘कॅचर असतोच की मध्ये,’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रसंग. 2008 च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये पिचर (चेंडू टाकणारा) ब्रॅड पेनीचा ताशी 96 मैलांचा चेंडू कॅचरला चुकवून पंच केर्विन डॅनली यांच्या जबड्यावर बसला. ते जागच्या जागी कोसळले, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्या मैदानावरचा कॅचर काही नवशिका नव्हता.

गळ्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. 1976 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा कॅचर स्टीव्ह येगर आपल्या पाळीची वाट बघत उभा असताना, खेळत असलेल्या बिल रसेलची बॅट मोडली आणि तिचा टोकदार तुकडा त्याच्या गळ्यात घुसला. त्यानंतर संघाचे ट्रेनर बिल ब्यूलर यांनी मास्कखाली लोंबणारी गळ्याची पट्टी तयार केली. लिटल लीगमध्ये कॅचरला अशी लोंबती पट्टी सक्तीची आहे. पंचाचा मास्क खाली लांबवलेला असेल तर वेगळी पट्टी लागत नाही, असं विक्रेते सांगतात. पण मान वर केली की गळा किती उघडा पडतो ते आरशात बघा, मग ठरवा. दोरीने बांधायची पट्टी स्वस्त असते आणि तिने काही अडत नाही.

ही खालची बाजू कशी वळवलेली आहे तेही तपासा. वॉशिंग्टन डीसीमधल्या सामन्यात 2005 साली पंच एड हिकॉक्स यांच्या मास्कवर बॅटची कड लागून मागे आलेला (फाऊल) चेंडू आदळला आणि ते जखमी झाले. मास्क बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध प्रकरण कोर्टात गेलं, 2013 मध्ये अपिलातही निकाल त्यांच्याच बाजूने लागला. त्यांच्या मास्कचा गळ्याकडचा भाग सरळ खाली न उतरता पुढे कललेला होता. चेंडू त्यावरून घसरून जायच्या ऐवजी तिथेच अडला आणि सगळा जोर मास्कला मागे ढकलत जबड्यात गेला, असा त्यांचा दावा होता. थोडक्यात, बाहेर डोकावणारा ओठ, खोबण किंवा पन्हळीसारखा वाक असलेला मास्क घ्यायचा नाही. चेंडूला निसटायला वाट हवी.

आता मास्क बसवणं. आधी टोपी घाला, मग मास्क. पंचांच्या टोपीच्या छज्जावर शिवणीच्या ओळी असतात, त्यावरून छज्जाची लांबी कळते: चार ओळींची सर्वांत आखूड, आठ ओळींची लांब, सहा ओळींची मधली. प्लेटमागे चार किंवा सहा. आठ ओळींची घातलीत तर छज्जा वरच्या पॅडला टेकतो आणि मास्क काढताना टोपीही उडते. ऐन खेळात टोपी शोधणारा पंच चेंडू बघत नसतो. कपाळाचं पॅड भुवयांच्या वर, हनुवटी खालच्या पॅडच्या खोलगटात. डोळे जाळीच्या सर्वांत मोठ्या फटीसमोर आले पाहिजेत. आडवी सळई बुबुळासमोर येत असेल तर पॅड वरखाली करा. नाक आणि सळईत दोन बोटं तरी अंतर हवं. चष्मा असेल तर पॉलिकार्बोनेटच्या काचा घ्या आणि दुकानात चष्म्यासकट मास्क घालून बघा.

मागच्या पट्ट्या तीन: एक डोक्यावरून, दोन बाजूंनी. तिन्ही जिथे जुळतात ते पॅड कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसायला हवं. वर बसलं तर मास्क सारखा खाली घसरत राहतो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सारख्याच ओढा, मग होकाराला आणि नकाराला हलवतो तशी मान हलवा. मास्क जागचा हलायला नको, पण हनुवटीपाशी दोन बोटांनी पुढे ओढला की सहज सुटला पाहिजे. नवखे पंच भीतीपोटी पट्ट्या आवळतात. आवळलेला मास्क फिरत नाही, मग धक्का सरळ जबड्यात उतरतो, आणि शिवाय तो वेळेवर निघतही नाही.

उभं राहायची जागा कॅचरच्या मागे, कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत. हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या उंचीवर, नाक प्लेटच्या आतल्या, म्हणजे बॅटरकडच्या, कडेच्या रेषेत. पाय खांद्यांपेक्षा रुंद, एक पाय किंचित मागे. चेंडू पिचरच्या हातातून सुटायच्या आधी खाली बसून स्थिर व्हायचं. चेंडूबरोबर डोळे फिरतात, डोकं नाही. डोकं फिरलं तर चेंडू ‘स्ट्राइक’ (बॅटरच्या टप्प्यातला) की ‘बॉल’ (टप्प्याबाहेरचा) हा निर्णयही हुकतो.

मास्क काढायचा तो डाव्याच हाताने. बॉल-स्ट्राइक मोजायचा इंडिकेटर डाव्या तळहातात करंगळी आणि अनामिकेत धरलेला असतो. उरलेल्या बोटांनी मास्कचा खालचा डावा कोपरा पकडायचा, आधी पुढे ओढायचा आणि मग वर. सरळ वर ओढलात तर टोपी आणि चष्मा दोन्ही जातात. उजवा हात मोकळा राहिला पाहिजे, कारण ‘स्ट्राइक’ आणि ‘आऊट’ त्याच हाताने दाखवायचे. उजव्या हातात मास्क धरून ‘आऊट’ दाखवणारा पंच म्हणजे हात दाखवून अवलक्षण. क्रमही महत्त्वाचा: आधी चेंडू कुठे गेला ते बघा, मग उठा, मग मास्क काढा. चेंडू उंच मागे उडाला तर कॅचरची पाठ कुठे वळते ते बघून त्याला वाट द्या; तो आपला मास्क फेकणार असतो, त्यात पाय अडकतो. घरी आरशासमोर वीसपंचवीस वेळा काढघाल केली की हाताला वळण लागतं.

बॅटरने अर्धवट बॅट फिरवली का, हे बेसवरच्या पंचाला विचारतानाही डावाच हात पुढे करतात. उजवा केला तर लोकांना तो स्ट्राइक वाटतो.

मैदानावरच्या वागण्याची निम्मी शिस्त या मास्कभोवतीच फिरते. प्रशिक्षक तक्रार घेऊन येताना दिसला की मास्क काढून डाव्या हातात, मांडीशी. जाळीआडून बोललेलं नीट ऐकू जात नाही आणि उद्धट वाटतं. मास्क रोखून कोणाकडे बोट दाखवायचं नाही, हात कमरेवर ठेवायचे नाहीत. त्याचं बोलणं एकदा पुरतं ऐकून घ्या, एका वाक्यात उत्तर द्या आणि चालू पडा. बॉल-स्ट्राइकवर वाद घालायची नियमात मुभाच नाही. त्यासाठी जागा सोडून येणाऱ्याला आधी ताकीद द्यायची, तरीही तो प्लेटकडे निघाला तर बाहेर काढायचं.

बाकी कुरबुरींसाठी चार पायऱ्या शिकवतात: कानाडोळा, दखल, ताकीद, हकालपट्टी. डगआऊटमधून (खेळाडू बसतात त्या बाकांवरून) आलेल्या एखाद्या ‘अरे काय पंच!’कडे कानाडोळा करायचा. पुन्हा आलं तर ‘ऐकलंय, आता पुरे.’ तिसऱ्यांदा ताकीद, सगळ्यांना दिसेल अशी, पण आवाज न चढवता. वैयक्तिक शिवी किंवा अंगाला हात लावणं झालं तर पायऱ्या मोजत बसायचं नाही. मोठ्यांच्या नियमपुस्तकातल्या आठव्या नियमात पंचांसाठी सूचना आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय, की चूक झाली तर पुढच्या निर्णयात तिची भरपाई करू नका, आणि गुंता असेल तर दहा मिनिटं खेळ थांबवून नियम बघा. पहिली सूचना पाळणं जड जातं. एका संघाचा हुकलेला स्ट्राइक पुढच्या चेंडूवर परत करायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि डगआऊटला तो लगेच कळतो.

प्लेट झाडताना पाठ मैदानाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे. उगाच वाकून प्रेक्षकांना पार्श्वभाग दाखवायचा नसतो. या झाडण्यामागे एक न बोलता पाळला जाणारा रिवाज आहे. कॅचरला चेंडू जोरात लागला की पंच स्वच्छ असलेली प्लेटही सावकाश झाडतो, तेवढ्यात त्याला श्वास घेता येतो. पंचाला लागला की कॅचर उठून पिचरशी गप्पा मारून येतो.

चेंडू मास्कवर बसला तर मात्र तेवढ्या विश्रांतीवर भागवू नका. 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्याने सुरुवात केल्यावर अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी डोक्याला मार बसलेल्या मुलांना खेळातून बाहेर काढण्याचे कायदे केले. ते खेळाडूंसाठी आहेत. पंचाला बाहेर बसवणारं मैदानावर सहसा कोणी नसतं. ते सहकारी पंचालाच करावं लागतं. खेळ थांबवा, मास्क काढा. सहकाऱ्याने डाव, धावसंख्या, बाद किती असं विचारावं. उत्तर अडखळलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सोसत नाही, अंधारी येते, यातलं एक जरी असलं तरी उरलेला सामना एकट्या पंचाने चालवावा. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवल्याशिवाय प्लेटमागे नाही.

असा फटका खाल्लेला मास्क घरी आल्यावर उजेडात धरा. सळया जिथे जोडल्यात तिथे रंगाचा टवका उडाला असेल तर खाली भेग नाही ना, ते नखाने चाचपा. वाकलेली सळई हातोडीने सरळ करू नका. धातू तिथे कमजोर होतो, दुसऱ्या फटक्याला मोडतो. हेल्मेटच्या कवचाला तडा असेल तर ते टाकून द्या. कापडी पॅड गार पाण्यात धुवून सावलीत वाळवा, चामड्याची फक्त ओल्या फडक्याने पुसा. ओली पॅडं बॅगेत कोंबून ठेवलीत, तर पुढच्या रविवारी पहिल्या डावातच तुमचं लक्ष चेंडूपेक्षा वासाकडे जाईल.