वर बघायला लागेल

शनिवारी सकाळी पाचपाखाडीतल्या आमच्या घरात दोन गोष्टी एकदम चालू होत्या, बाथरूमच्या छतातून पाणी गळत होतं आणि हॉलमध्ये माझ्या आठ जीबीच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर लिनक्सचा कर्नल कंपाइल होत होता. म्हणजे होत नव्हता, तोच तर प्रॉब्लेम.

कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि कंपाइल म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोडमधून मशीनला चालवता येईल असा प्रोग्रॅम बनवणं. तो घरी कंपाइल करायची काही गरज नसते हे आधीच सांगून टाकते. अपडेटबरोबर तयार येतो, गुपचूप चालतो. पण चकली कोपऱ्यावर मिळते म्हणून दिवाळीला सोऱ्या माळ्यावरच राहतो असं थोडंच आहे, तसली ही हौस. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्सनं, तेव्हा २१ वर्षांचा होता तो, नुसता छंद म्हणून करतोय, फार मोठं काही होणार नाही असं सांगून जे सुरू केलं ते पहिल्यांदा दहाएक हजार ओळींचं होतं. आता कोट्यवधी ओळी झाल्यात आणि त्यातली एकही ओळ मला बदलायची नव्हती, फक्त आपल्या हातानं एकदा करून बघायचं होतं.

सुरुवातीच्या एरर तशा सभ्य असतात. मी फोल्डरला ‘कर्नल ट्रायल’ असं स्पेस देऊन नाव दिलं होतं तर त्यानं दारातच अडवलं, फोल्डरच्या नावात स्पेस किंवा कोलन चालणार नाही. बरं बाबा. मग फ्लेक्स नाही म्हणाला, कंपाइल करायला लागणारं एक साधन, ते टाकलं. मग बायसन नाही, ते टाकलं. मग ओपनएसएसएलची हेडर फाइल नाही, मग लिबएल्फ. एकदम यादी म्हणून देत नाही हा माणूस. आमची आई अशीच वाण्याकडं पाठवायची, धणे घेऊन तीन जिने चढून वर आलं की दारातच, अगं जिरंपण संपलंय.

खरी मजा त्यानंतर. पाऊण तास फॅन भणभणत होता, स्क्रीनवर सीसी, सीसी, सीसी अशा ओळी पळत होत्या, मी पोहे खाऊन आले तर सगळं थांबलेलं आणि शेवटच्या ओळीत फक्त एवढंच, मेक (म्हणजे हे सगळं कंपाइल करवून घेणारा प्रोग्रॅम), तीन चांदण्या, एरर २. आता एरर २ म्हणजे काय? काही नाही. मी ती ओळ जशीच्या तशी सर्चमध्ये टाकली आणि जगातल्या ज्याचं ज्याचं म्हणून काही बिघडलंय त्या सगळ्यांची ओळख झाली, अर्धा तास त्यात गेला.

तेवढ्यात प्लंबर आले. छतावरच्या डागाकडं बघितलं, बोट लावलं आणि पिशवीपण न उघडता म्हणाले, “ताई, वर बघायला लागेल.” मी म्हटलं वरच्यांकडं कालच जाऊन आले, कोरडं ठणठणीत आहे. तर म्हणे, “त्यांच्या वर. पाणी पाइप धरून खाली येतं, वाटेत जिथं जागा मिळेल तिथं बाहेर पडतं.” आणि गेले सरळ चौथ्या मजल्यावरच्या काकांची बेल वाजवायला.

मी लॅपटॉपकडं बघितलं. मेकचं अगदी हेच असतं. एक मेक दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला, खालच्याचं फसलं की तो वरच्याला कळवतो, वरचा त्याच्या वरच्याला, आणि आपल्यापर्यंत येतं ते फक्त सर्वात मोठ्या साहेबाचं पत्र की काम झालेलं नाही. त्यात मी मेकला ‘-j4’ असं सांगितलेलं, म्हणजे चार जण एकाच वेळी कामाला, त्यामुळं एकाचं बोंबललं तरी बाकीचे तिघं हातातलं काम संपवेपर्यंत आपापल्या ओळी छापत बसतात आणि खरी एरर कुठच्या कुठं वर सरकते. मग परत चालवलं, या वेळी सगळं एका फाइलमध्ये ओतून, आणि त्यात पहिल्यांदा तीन चांदण्या कुठं येतात ते शोधलं.

सापडलं. कॅनॉनिकलच्या, म्हणजे उबुंटू नावाचं लिनक्स बनवणाऱ्या कंपनीच्या, सर्टिफिकेटची एक फाइल त्याला पाहिजे होती आणि ती बनवायची कशी हे माहीत नव्हतं. चूक माझीच. कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, स्वतः न लिहिता मी चालू असलेल्या उबुंटूची बूट फोल्डरमधून उचलली होती, आणि त्यात ते त्यांच्या घरच्या चाव्यांचा पत्ता लिहून ठेवतात. काकूंकडनं आमटीची रेसिपी आणावी आणि त्यात लिहिलेलं असावं, आपल्या डब्यातला गोडा मसाला दोन चमचे. आपल्या म्हणजे काकूंच्या. ट्रस्टेड कीजची ती जागा रिकामी केली, परत चालवलं, तर लगेच दुसरी फाइल नाही, रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची. तीपण रिकामी केली.

दुपारी डिस्क भरली. डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी, माहिती चालू ठेवली की हा प्रकार वीसेक जीबी सहज खातो. जागाच उरली नाही म्हणतोय असं मी ओरडले तर आई आतून म्हणाली, “घरात तरी कुठं आहे?”

मग डीबग बंद केलं आणि लोकलमॉडकॉन्फिग वापरलं. ही भारी सोय आहे, आत्ता जे ड्रायव्हर वापरात आहेत तेवढेच ठेवतो, बाकी हजारो गाळून टाकतो, म्हणजे पंगतीला जेवढे बसलेत तेवढ्यांचाच भात. फक्त माझा पेनड्राइव्ह तेव्हा ड्रॉवरमध्ये होता. पंगतीत नव्हता, त्यामुळं नवीन कर्नलमध्ये त्याला कोणी ओळखतच नाही, हे रविवारी कळलं.

चौथ्या मजल्यावरचे काका आधी आमच्याकडं काही नाही म्हणत होते, मग वॉशिंग मशीन सरकवलं आणि मागं डबकं निघालं. संध्याकाळी आमचं गळणं थांबलं, डाग आहे अजून.

रात्री साडेनऊला ‘बीझेडइमेज इज रेडी’ आलं, म्हणजे कर्नलची फाइल तयार. इन्स्टॉल केलं, रीस्टार्ट केलं, छातीत धडधड, आणि चक्क लॉगिन आलं. प्रॉक व्हर्जन ही फाइल उघडली की कर्नल कोणी आणि कुठल्या मशीनवर बनवला ते नावासकट दिसतं, भांड्यावर नाव घालतात तसं. मी आईला बोलवून दाखवलं.

तिथं दादाचं नाव होतं. लॅपटॉप मुळात त्याचा, अकाउंट त्याच्या नावाचं, मी कधी बदललंच नव्हतं. आई हसली आणि साखरेचा डबा उलटा करून माझ्यापुढं धरला. त्याच्यावर कोणा सौ. कुलकर्णींचं नाव आहे, आमच्याकडं कुठनं आला आजवर कळलेलं नाही.