सात नंबरचं डबकं

राजापूरच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावर, डबक्यांतले जीव मोजायला आम्ही चार दिवस होतो. पहिले दोन दिवस पावसाने खाल्ले. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली आणि माझ्या वाट्याला सात नंबरचं डबकं आलं.

डबकं म्हणजे जांभ्याच्या कातळातला दोन ढांगांत ओलांडता येईल असा खळगा. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. वाकून पाहिलं तर आत काहीच दिसेना. मॅडम म्हणाल्या, "सावली पाडू नकोस, नुसती बसून राहा." बसले. पाचेक मिनिटांनी तळच हलतोय असं वाटायला लागलं.

मैत्रिणीने जाळी फिरवून पांढऱ्या ट्रेमध्ये उपडी केली. नखाएवढे, आरपार दिसणारे जीव, सगळे उताणे पोहणारे. फेअरी श्रिंप, कोळंबीचे लांबचे चिमुकले नातेवाईक! पायांच्या अकरा जोड्या एकीमागून एक हलत होत्या, भाताच्या शेतावरून वारा जावा तशा. एका मादीच्या पिशवीतली अंडी नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. खळगा आटला, कातळ तापून निघाला, तरी ही अंडी तळाच्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. आणि पाऊस पडला की सगळी एकदम फुटत नाहीत. पहिलं पाणी फसवं निघालं तर पुढच्यासाठी काही मागे राहतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी ट्रेवरून मला उठवेना.

सकाळी ७ ला पाणी २४ अंश, दुपारी १ ला ३३. एवढ्याशा पाण्यात हे रोज सोसायचं.

दुपारी फुलांचे फोटो काढायला एक गाडी आली आणि वळताना सरळ पाच नंबरमधून गेली. काठावरची सीतेची आसवं, ती इवलीशी जांभळी फुलं, चिखलात चेपली गेली. आम्ही ओरडलो, तर उत्तर आलं, "डबकंच तर आहे." मला इतका संताप आला की शब्द फुटेना. सातबाऱ्यावर अशा लागवडीला नालायक जमिनीला पोटखराबा म्हणतात. तो शब्द तेव्हापासून माझ्या कानाला टोचतो.

चौथ्या दिवशी निघण्याआधी पाच नंबरमध्ये पुन्हा जाळी फिरवली. गाळ खाली बसला होता. आदल्या सकाळी तिथे १९ मोजले होते. आता २ मिळाले. तेवढे वहीत लिहिले, ट्रे हळूच पाण्यात कलता केला आणि ते दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.