एफए-ऑफ, आठवडा चौदावा: अजून थांबायलाच शिकतोय

मंडळी, मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की खेळातल्या जहाजाला आपोआप स्टेशनवर उतरवणारा डॉकिंग कॉम्प्युटर काढून टाकला, यापुढे सगळं हाताने. त्यानंतर दुसऱ्याच रात्री स्टेशनच्या तोंडात एका टाइप-९ ला, म्हणजे अवजड मालवाहू जहाजाला, समोरासमोर ठोकलं. म्हणून ही नोंद तिथूनच सुरू करतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: खेळ एलिट डेंजरस, २०१४ च्या डिसेंबरात आलेला. आपली अख्खी आकाशगंगा त्यात आहे, सुमारे ४०० अब्ज तारे आणि त्यांची मंडळं. मी अंबडला एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर (धातू कापणारं कॉम्प्युटरवालं मशीन) सेटर. दुसरी पाळी सुटून घरी यायला साडेअकरा होतात, जेवण उरकलं की बारा ते दीड माझा. जहाज साइडवाइंडर, अधूनमधून कोब्रा मार्क थ्री. सध्या ते फ्लाइट असिस्ट बंद ठेवून, म्हणजेच एफए-ऑफ, चालवायला शिकतोय.

तर तो अपघात. फिरत्या कोरिऑलिस स्टेशनची ती आत-बाहेर जायची आडवी फट खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तिच्या एका टोकाला हिरवे दिवे, दुसऱ्या टोकाला लाल. हिरवा उजव्या हाताला ठेवायचा आणि त्याच बाजूने आत शिरायचं. बाहेर येणाऱ्यालाही त्याचा हिरवा उजवीकडेच, त्यामुळे दोघं एकमेकांना चुकवून जातात. कागदावर सोपं आहे. पण वीस वर्षं नाशकात गाडी चालवलेला माणूस मी. इंदिरानगरच्या बोगद्यात शिरताना हात आपसूक डावीकडे जातो, तसाच तो इथेही गेला. रोल (स्टेशनबरोबर फिरणं) बरोबर होता, वेग सेकंदाला ८० मीटरच्या आसपास होता, सगळं छान जमलंय म्हणून मी खूश, आणि फटीतून टाइप-९ चं थोबाड बाहेर. ते जहाज म्हणजे एसटीचं डेपो-वर्कशॉपच हवेत उचलून आणल्यासारखं. वेग १०० च्या खाली होता म्हणून दंड वाचला, जहाज काही वाचलं नाही. साइडवाइंडर असल्याने नवीन फुकट मिळालं. कोब्रा असती तर किमतीच्या पाच टक्के विमा भरावा लागला असता. शिकणाऱ्यांना म्हणून सांगतो, तुमच्याकडे किती का भारी जहाज असेना, शिकायचं साइडवाइंडरवर.

आता मानेवर टेप लावलाय. खराखुरा. मॉनिटरच्या मानेला उजव्या बाजूने हिरवा इन्सुलेशन टेप. आई विचारते, "अरे, हे काय चिकटवलंस?" म्हटलं, बाजू कळायला. तिने एकदा दहा मिनिटं शेजारी बसून बघितलं आणि "मला गरगरायला लागलं बाई" म्हणून उठून गेली.

मूळ विषय एफए-ऑफचा. फ्लाइट असिस्ट चालू असतो तेव्हा तुम्ही नाक वळवलंत की कॉम्प्युटर गुपचूप आजूबाजूचे थ्रस्टर (ढकलणारी छोटी इंजिनं) मारून जहाजाचा प्रवासही त्याच दिशेला वळवतो. थ्रॉटल शून्यावर आणला की तोच उलटे थ्रस्टर मारून थांबवतो. म्हणजे चालवतो तो, आपण फक्त बोट दाखवतो. कीबोर्डवरचं झेड दाबून असिस्ट बंद केला की बोट दाखवणं संपलं. नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे. थ्रॉटल शून्य म्हणजे फक्त इंजिन बंद. आधी मिळालेला वेग तसाच राहतो. आणि लोक विसरतात ते हे की फिरणंही तसंच राहतं. स्टिक मधे आणली तरी गिरकी थांबत नाही, उलटी मारून ती मोडावी लागते.

पहिले तीन आठवडे मी याला वळण्याची अडचण समजत होतो. वळायला दोन दिवसांत येतं हो. द्वारकेच्या चौकात स्कूटर घालणाऱ्या माणसाला वळण काय शिकवायचं. अडचण सगळी थांबण्याची आहे. आपल्या हाताला ब्रेकची सवय, ब्रेक म्हणजे एक वेगळा दांडा किंवा पेडल, जो दाबला की रस्ता उरलेलं काम करतो. इथे रस्ता नाही. जितका धक्का दिला तितकाच उलटा द्यायचा, आणि तो किती दिला होता हे हाताच्या लक्षात राहिलं पाहिजे. डाव्या थ्रस्टरचं क्यू बटण अर्धा सेकंद दाबलं असेल तर उजव्याचं ई अर्धा सेकंद. मी पाऊण दाबायचो, मग पुन्हा क्यू, मग पुन्हा ई. उतरायच्या पॅडच्या वर दारू प्यायल्यासारखं झुलणारं साइडवाइंडर हे माझं जुलैचं चित्र.

इथे एक दिवस उलगडा झाला, आणि तो खेळात नाही, गंगापूर धरणावर. भाच्याला बोटीत बसवायला नेलं होतं. धक्का चांगला लांब असतानाच नावाड्याने मोटर बंद केली. मला वाटलं बिघडली. बोट आपली पाणी कापत हळूहळू येत राहिली, शेवटी त्याने जरासं रिव्हर्स दिलं आणि बोट धक्क्याला टेकली, भाच्याच्या हातातला कुरकुरेचा दाणाही सांडला नाही. मी त्याला विचारलं, कुठे बंद करायचं ते कसं कळतं? म्हणाला, "रोजचंच आहे साहेब." याचा उपयोग शून्य होता, पण मोटर बंद करण्याची जागा मी डोळ्यांत भरून घेतली.

त्या रात्रीपासून सराव बदलला. ग्रहाभोवतीच्या कड्यातला एक दगड धरायचा, लांबून ५० च्या वेगाने त्याच्याकडे सुटायचं, थ्रॉटल शून्य, असिस्ट बंद. मग उलटा थ्रस्ट देऊन दगडापासून २०० मीटरवर थांबायचं. नुसतं "जवळपास" नाही, २०० म्हणजे २००. पुढे ढकलणारा थ्रस्टर उलट्यापेक्षा जोरकस असल्याने दुसरा प्रकारही करायचा: अर्ध्या वाटेत १८० अंशात फिरून दगडाला पाठ करायची आणि मुख्य इंजिनाने वेग मारायचा. यात दगड दिसत नाही, फक्त रडारवरचा ठिपका आणि काचेबाहेर सरकणारे धूलिकण. त्या कणांकडे मी आधी कधी बघितलंच नव्हतं, शोभेचे वाटायचे. जहाज खरंच कुठल्या दिशेला चाललंय ते तेच सांगतात. कण काचेच्या वरून खाली जात असतील तर तुम्ही वर चालला आहात, मग नाक कुठेही असो.

इन्स्पेक्शन शीटसारखी वही केली आहे. किती मीटरवर थांबायचं होतं, किती मीटरवर थांबलो, फरक. पहिल्या रात्री फरक १४०, ९०, धडक, २१०, धडक. गेल्या आठवड्यात बहुतेक ३० च्या आत. टॉलरन्स (चालेल एवढा फरक) म्हणून वर्कशॉपमध्ये दाखवलं तर हाकलून देतील, पण माझ्यासाठी ठीक आहे.

आता जॉयस्टिक. यावर जरा सविस्तर, कारण दोन-तीन जणांनी विचारलं होतं.

माझी स्टिक जुनी, सेकंडहँड घेतलेली. पिच-रोल (नाक वर-खाली आणि कुशीवर फिरणं) अजून बरे, पण पिळायचा अक्ष, म्हणजे यॉ, पार गेला होता. हात न लावता आकडा नाचायचा. आत पॉट असतो, कार्बनच्या पट्टीवर घासणारा काटा. वर्षानुवर्षं मधल्या जागेवर घासून तिथली पट्टी झिजते, आणि नेमकी तीच जागा आपल्याला लागते. ० ते १०२३ या मापात मधे ५१२ स्थिर हवा, माझा ४९० ते ५३५ मध्ये हेलकावे खात होता. असिस्ट चालू असताना हे खपून जायचं. असिस्ट बंद केल्यावर प्रत्येक हेलकावा गिरकीत जमा होतो आणि नाक आपलं आपण भटकायला लागतं.

सगळे सांगतात डेडझोन वाढव, म्हणजे मधली जी हालचाल खेळ मोजतच नाही ती. वाढवला, १२ टक्के. नाक भटकायचं थांबलं, पण आता बारीक दुरुस्ती करता येईना. स्टिक पिळतोय, पिळतोय, काहीच नाही, आणि मग एकदम झटका. सेटर लोकांना हे लगेच कळेल: हँडव्हील फिरवतोय आणि टेबल हलत नाहीये, म्हणजे बॅकलॅश. मशीनवर बॅकलॅश असेल तर आपण स्क्रू आणि बेअरिंग बघतो, हँडव्हील जास्त फिरवायची सवय लावून घेत नाही. मग इथेच का?

एम. जी. रोडच्या एका गल्लीतून ४९ई नावाचे हॉल सेन्सर आणले, मिसळीच्या एका प्लेटपेक्षाही स्वस्त. हा सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, काही घासत नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही. क्षेत्र शून्य असेल तर पुरवठ्याच्या निम्मा व्होल्टेज देतो, ५ वर चालवला तर २.५. म्हणजे मधली जागा आयतीच मिळाली. पिळायच्या दांड्यावर दोन बाजूंना छोटे निओडिमियम चुंबक, विरुद्ध ध्रुव समोरासमोर, आणि मधे स्थिर बसवलेला सेन्सर. दांडा मधे असताना क्षेत्र सेन्सरच्या तोंडाला समांतर राहिलं पाहिजे, एवढं सांभाळायचं.

एक चूक सांगून ठेवतो, तुमची रात्र वाचेल. पॉटच्या तीन पायांत मधला सिग्नलचा असतो. ४९ई मध्ये मधला ग्राउंड आहे आणि सिग्नल कडेला. छापील बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून पुरवठा, ग्राउंड, सिग्नल. मी जुन्या सवयीने मधला मधल्याला डकवला. एक सेन्सर गेला, बोर्ड नशिबाने वाचला. पाच आणले होते म्हणून हसू शकतोय.

चुंबक धरायचा बुश वर्कशॉपमधल्या एका लेथवाल्या मित्राने नायलॉनच्या तुकड्यातून काढून दिला, जेवणाच्या सुट्टीत. "कशाला रे हा?" "जहाजाला." त्याने पुढे विचारलं नाही, भला माणूस. आता मधला आकडा दोन-तीनच्या वर हलत नाही आणि डेडझोन २ टक्क्यांवर आणलाय. कर्व्ह, म्हणजे किती पिळलं की किती वळायचं ते, खेळात देता येत नाही, तो जॉयस्टिक ग्रेमलिन आणि व्हीजॉय या प्रोग्रॅममधून दिला, मधे मऊ आणि टोकांना कडक. तरी बुशला थोडी ढिलाई आहे, दुसरा मागितलाय.

सुपरक्रूझबद्दल (लांबच्या अंतराचा भरधाव प्रवास) लिहा असं कोणीतरी म्हणालं होतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पोचायला उरलेली वेळ सात सेकंदांवर आली की थ्रॉटल ७५ टक्के, आणि हात मांडीवर. पुढे गेलात तर वळसा मारून परत या, सगळेच येतात.

हां, स्पेडेक्स. खेळाच्या मंडळींनी इस्रोची ती मोहीम बघितली नसेल तर बघा. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० ने दोन उपग्रह वर नेले, प्रत्येकी २२० किलोच्या आसपास. १२ जानेवारीला ते १५ मीटरवर आणले, मग ३ मीटरवर, आणि तिथून परत मागे घेतले. जोडले १६ जानेवारीला. तेव्हा बातमी वाचून मला वाटलं होतं, तीन मीटरवर आलेच होते तर टेकवायचं ना. आता पॅडच्या तीन मीटर वर झुलून झाल्यावर तसं वाटत नाही. जवळ येण्याचा वेग ठेवला होता सेकंदाला १० मिलिमीटर. मी हिशेब केला, मिनिटाला ६००, म्हणजे मशीनच्या भाषेत एफ-६००. ॲल्युमिनियमच्या जॉबला आम्ही याहून जास्त फीड (सरकायचा वेग) देतो. दुसऱ्या दिवशी पाळीवर एफ-६०० लावून टेबल नुसतं चालताना बघत उभा राहिलो, सुपरवायझर येईपर्यंत.

(खेळ इथे खोटं बोलतो हेही मान्य करू. जहाजाला कमाल वेगाची मर्यादा घातली आहे, खऱ्या अंतराळात तशी नसते. आणि कक्षेतला पाठलाग हा तर वेगळाच विषय. पण हाताला जे शिकायचं ते याच्यात शिकता येतं.)

काल रात्रीचं सांगतो आणि झोपतो, आज पहिली पाळी बदलून घेतली आहे.

कोब्रा घेऊन गेलो. पहिल्यांदाच, असिस्ट पूर्ण बंद, रोलही हाताने. साडेसात किलोमीटरवर उतरायची परवानगी मागितली, दहा मिनिटांचं घड्याळ सुरू. कोब्रा रुंद आहे, साइडवाइंडरसारखी तिरकी घुसवता येत नाही. फटीसमोर फिरण्याचा वेग जुळवायला तीन मिनिटं गेली. एकदा अर्धी आत गेल्यावर डावीकडे सरकतेय असं वाटलं, तर ओढून बाहेर काढली. महिन्यापूर्वी काढली नसती, तशीच रेटली असती. दुसऱ्यांदा हिरवा उजवीकडे, टेप उजवीकडे, वेग ३२, आत. कुठे खरचटलं नाही. पॅड नेमकं छताकडे दिलेलं, म्हणजे अख्खी उलटी व्हायची. गिरकी दिली, मोडली. खाली उतरताना मोटर कुठे बंद करायची ती जागा आली तशी बोटं उचलली, आणि जहाज आपलं आपण तरंगत पॅडवर आलं. शेवटी वर ढकलणाऱ्या आर बटणाचा एक टिचका. मधोमध. ठिपका निळा. घड्याळात एक चाळीस बाकी. मी श्वास रोखून वाट बघतोय, डॉकिंग झाल्याचा आवाज काही येत नाही. जहाज पॅडवर टेकून नुसतं घासतंय, ढाल खरवडतेय, पुन्हा वर उसळतंय. स्टिक तपासली, थ्रॉटल तपासला, कॅलिब्रेशन गेलं की काय म्हणून टेबलाखाली वाकून यूएसबीची वायर हलवली.

लँडिंग गिअर वरच होता.