दिवाळीच्या भेटी: काटकसर केली, घासाघीस नाही

आमच्याकडे दिवाळीला द्यायच्या भेटींची यादी लांबलचक असते. सासरची माणसं, माहेरची माणसं, नणंदा, भाचरं, शेजारी, मुलांच्या शिक्षिका, सोसायटीतले वॉचमन. यंदा मी ठरवलं होतं की खर्च गेल्या वर्षीइतकाच करायचा, एक रुपया जास्त नाही. पण पैसे जातील ते शक्यतो अशा हातांत, ज्यांना त्या कामाची खरोखर गरज आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट यादीतून काढली. घरकामाला येणाऱ्या ताईंचा बोनस. तो भेट नसतो, वर्षभराच्या कामाचा हक्क असतो. तो पूर्ण आणि रोख दिला. त्यांना दिलेली वस्तू वेगळी.

मग पैसे नेमके कुठे जातात ते पाहिलं. सुक्यामेव्याच्या भेटपेट्या उलटून त्यांच्यावरचं निव्वळ वजन वाचलं आणि किलोचा भाव काढला. तोच मेवा किराणा दुकानातून सुटा घेतला तर कितीतरी स्वस्त पडत होता. मधला फरक म्हणजे सॅटिनचं अस्तर, प्लास्टिकचे कप्पे आणि सोनेरी खोका. खोका चार दिवसांत कचऱ्यात जातो. काटकसरीची जागा मला तिथे सापडली. वस्तू बनवणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालून वाचतं ते काहीच नाही, आणि ते वाचवायचंही नाही. तिने सांगितलेला भाव द्यायचा. वाचवायचं ते खोक्यात, मधल्या दलालीत, शेवटच्या क्षणी होणाऱ्या धावपळीत.

धावपळ टाळायची तर गणपतीच्या आधीच कामाला लागावं लागतं, हे मला पणत्यांमुळे कळलं. आमच्या भागात विशेष मुलांची एक कार्यशाळा आहे. मुलं म्हणायची सवय, बरेचसे तिशी-चाळिशीतले आहेत. साध्या मातीच्या पणत्या आणून ते रंगवतात. तिथल्या ताईंना म्हटलं, दिवाळीच्या आधल्या आठवड्यात येते. त्या म्हणाल्या, ‘‘तेव्हा आमच्याकडे काहीच उरत नाही हो. आत्ता सांगा, आम्हाला हाताशी वेळ हवा.’’ मग मी त्यांचं काम बसून बघितलं. पणतीला आधी पांढरा हात दिला जातो, मग रंग. काठावर ठिपके कुठे द्यायचे त्याच्या खुणा ताई पेन्सिलने करून देतात आणि ब्रशऐवजी कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ठिपका उठवला जातो. त्यामुळे हात थोडा थरथरला तरी ठिपका गोलच येतो. ज्याला मोजता येत नाही त्याच्यासमोर सहा खाचांचा पुठ्ठा ठेवलेला असतो. सगळ्या खाचा भरल्या की सहा पणत्या झाल्या, पुठ्ठा उचलायचा आणि खोक्यात सरकवायचा. एक दादा ते काम इतक्या मन लावून करत होते की एक पणती जराशी तिरकी बसली तर पुन्हा काढून सरळ ठेवत होते. त्या खोक्याचे त्यांनी सांगितले तेवढे पैसे देताना मला एकदाही महाग वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर बाजारातल्या रंगीत पणत्यांपेक्षा ते फार जास्त नव्हतेच. सोसायटीतल्या आणखी काही घरांची ऑर्डर एकत्र केली, त्यामुळे रिक्षाचं भाडंही वाटून गेलं.

सगळ्यात जास्त आनंद गोधड्यांनी दिला. सासूबाईंच्या कपाटात जुन्या सुती साड्यांचा गठ्ठा होता. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत. बचत गटातल्या काही बायका गोधड्या शिवतात हे ओळखीतून कळलं होतं. साड्या आपल्या, त्यामुळे पैसे फक्त शिलाईचे. पण शिलाई नीट समजून घेतली पाहिजे. मशीनवरची गोधडी स्वस्त आणि झटपट, हाताच्या धावदोऱ्याची महाग आणि सावकाश. दोरे जितके जवळजवळ तितके दिवस जास्त. मी मोठ्यांसाठी मोजक्या हाताच्या सांगितल्या आणि भाचरांसाठी लहान, मशीनवरच्या. साड्या धुऊन, फॉल काढून, विरलेला भाग कापून द्यायच्या; खूप विरलेलं कापड आतल्या थरात चालतं, वरच्या थराला मात्र घट्ट विणीचीच साडी लागते. नणंदेने आपल्या आईची जांभळी इरकली गोधडीच्या काठाला ओळखली आणि तिथेच घडी मांडीवर घेऊन बसली. दुकानातल्या कुठल्याही महागड्या वस्तूने हे झालं नसतं.

फराळाचं काही बचत गटाकडून घेतलं. चकली, शेव, अनारसे. इथे मनाचा मोठेपणा आणि डोळसपणा दोन्ही हवेत. पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का, बनवल्याची तारीख आहे का, तेल कोणतं वापरलं, हे विचारावं. चांगला गट या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट सविस्तर सांगतो. आधी पाव किलो आणून चाखलं, मग ऑर्डर दिली. वाईट चकली केवळ चांगल्या कामासाठी म्हणून घेऊ नये. पुढच्या वर्षी कुणी घेणार नाही आणि नुकसान त्या बायकांचंच होईल.

एका प्रदर्शनात ‘महिला बचत गट’ अशी पाटी लावलेल्या स्टॉलवर मला शंका आली. गाव कोणतं, गटात किती जणी, उटण्यात काय काय घातलंय, काहीच सांगता येईना, आणि पिशव्यांवर घाऊक बाजाराची चिठ्ठी तशीच होती. शेजारच्या स्टॉलवरच्या काकूंनी मात्र आंबेहळद, नागरमोथा, कपूरकचरी, वाळा, गुलाबपाकळी असं सगळं बोटांवर मोजून दाखवलं आणि कपूरकचरी यंदा महाग झाल्याचं दुःखही ऐकवलं. उटणं त्यांच्याकडूनच घेतलं. दोन प्रश्न विचारले की माणूस स्वतः करतो की आणून विकतो ते कळतं.

ऑनलाइन दुकानांत ‘खरेदीतला काही भाग समाजकार्याला’ असं लिहिलेलं असतं. किती भाग, कोणत्या संस्थेला, हे लिहिलं नसेल तर मी पुढे जाते. त्यापेक्षा थेट संस्थेची वस्तू घ्यावी. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ सुरू केलेल्या आनंदवनात हातमागाचं कापड होतं, पुण्यात येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रात कैद्यांनी बनवलेल्या लाकडी वस्तू मिळतात. तिथलं लाकूडकाम दणकट असतं.

माझ्या दिरांनी करसवलतीचं विचारलं, म्हणून तेही लिहिते, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. संस्थेकडून वस्तू विकत घेतली तर ती खरेदी आहे, देणगी नव्हे. त्या बिलावर देणगीवरची आयकर सवलत (जिला ‘८०जी’ म्हणतात) मिळत नाही. वेगळी देणगी दिली तरच मिळते, तीही जुन्या करपद्धतीत, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर नाही. काकांना काहीच वस्तू नको होती, त्यांच्या नावाने आम्ही देणगी दिली आणि पावती त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली.

खादी मात्र २ ऑक्टोबरनंतर सूट लागल्यावरच घेतली. सूट सरकारने जाहीर केलेली असते, ती घेण्यात विणकराच्या पोटावर पाय येत नाही. पॅकिंगला नवीन कागद आणला नाही. बचत गटाकडूनच जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. फराळ आणि पणत्या त्यातच गेल्या, आणि पिशवी भाजीला उपयोगी पडते.

हिशेब ठरवलेल्या रकमेत बसला, थोडे उरलेही. ते गोधडीवाल्या ताईंना पुढच्या कामाची उचल म्हणून देऊन टाकले, माझ्या आईच्या साड्या अजून बाकी आहेत.

पणत्या आणायला गेले तेव्हा कार्यशाळेतल्या ताई म्हणाल्या की दिवाळी संपली की काम एकदम थांबतं, मुलं रोज येतात आणि ‘आज काय करायचं’ म्हणून विचारतात. घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर ते लिहिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण प्रत्येकीला लुटायचंच असतं. बारा जणींनी कापडी बटव्यांची मागणी नोंदवली आहे, रंग कोणते हवेत तेवढं अजून ठरायचं आहे.