उजव्या गुडघ्याची वही

गेल्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना मला काहीच झालं नाही. झालं ते उतरताना. सोळाव्या किलोमीटरच्या आसपास उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचल्यासारखं सुरू झालं आणि उरलेलं अंतर कठड्याच्या कडेकडेनं, अर्धं लंगडत, अर्धं चालत काढलं. २ तास ३१ मिनिटं. वेळेचं एवढं वाईट वाटलं नाही. मागून आलेल्या साठीच्या एका काकांनी "पाय मुरगळला काय?" म्हणून विचारलं ते लागलं. पाय मुरगळला नव्हता, आणि काय झालंय ते मलाही सांगता येईना.

फिजिओंनी गुडघा दाबून, वाकवून, फिरवून बघितला. म्हणाले, "मांडीच्या बाहेरच्या बाजूनं गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा चिडलाय. बरा होईल. पण परत पळालात की परत चिडेल. तुम्ही पळता कसे ते कुणी बघितलंय का?" कुणी बघणार? पहाटे साडेपाचला घराबाहेर पडणाऱ्या माणसाला फक्त कुत्री बघतात.

ही वही तिथून सुरू झाली. आठ महिने झाले. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर तुकड्या-तुकड्यानं टाकत होतो, आता एकत्र लिहून काढतोय. माझ्यासारखे सहा-सात मिनिटांच्या पेसवाले (म्हणजे एका किलोमीटरला तेवढा वेळ लागणारे) बरेच आहेत, त्यांचा तरी माझ्याइतका वेळ वाया जाऊ नये.

जानेवारी. पहिलं शूटिंग.

पहिला प्रयत्न वाया गेला. बायकोच्या हातात मोबाईल दिला आणि समोरून पळत गेलो. तिचा हात हलतोय, मी तिच्याकडे बघून हसतोय, पोट आत ओढलंय. असल्या व्हिडिओतून काहीही कळत नाही. दुसऱ्या खेपेला नीट केलं. मोबाईल स्टुलावर, कमरेच्या उंचीला, पळण्याच्या रेषेला बरोबर काटकोनात, सहा मीटरवर. स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेमवर. जमिनीवर मीटरची एक पट्टी ठेवली, म्हणजे नंतर स्क्रीनवर अंतर मोजता येतं. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी इन्सुलेशन टेप कापून कमरेच्या हाडावर, गुडघ्यावर आणि घोट्यावर चिकटवली. टी-शर्ट आत खोचला. दिसायला भयंकर, पण त्याशिवाय कंबर दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी आठ किलोमीटर पळून आलो आणि मग शूटिंग केलं. ताज्या पायांनी सगळेच छान पळतात. खोड दिसते ती दमल्यावर.

घरी मुलीनं लॅपटॉपवर किनोव्हिया नावाचं व्हिडिओ तपासायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट आहे, फ्रेम-फ्रेमनं पुढं जाता येतं, कोन काढता येतात. ती नववीत आहे, भूमितीवर तिचा राग आहे, तरी कोन तिनंच काढले. टाच जमिनीला टेकते ती फ्रेम थांबवली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही पळताय का ब्रेक मारताय?"

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. टाच टेकली तेव्हा घोटा गुडघ्याच्या बराच पुढं, नडगी उभ्या रेषेपासून १२ अंश कललेली, गुडघा जवळजवळ ताठ. कमरेपासून ओळंबा सोडला तर घोटा त्याच्या २८ सेंटीमीटर पुढं. म्हणजे प्रत्येक पावलाला मी स्वतःच्या पुढं एक मेख रोवत होतो आणि मग शरीर त्या मेखेवरून ओढून पलीकडे नेत होतो. पाय जमिनीवर ७० फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या २९२ सहस्रांश. पावलं मिनिटाला १५६. सातच्या पेसला एक पाऊल ९२ सेंटीमीटरचं पडतं. माझी उंची पाच फूट पाच. एवढी लांब ढांग टाकायला मला कुणी सांगितलं होतं?

फेब्रुवारी. मूर्खपणा.

हा भाग लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्या फ्रेममध्ये मला नडगी दिसायला हवी होती, मला दिसली टाच. टाचेवर पडतो म्हणून दुखतं, असं मी स्वतःच ठरवलं. पुढच्या पंज्यावर पडायचं. आमच्या जिल्ह्याच्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांची रिओ ऑलिंपिकची शर्यत परत परत बघितली आणि तशी पावलं टाकायला लागलो. २०१६ साली त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला होता. म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा धरून किलोमीटरला ३ मिनिटं ७ सेकंद. माझा पेस सात मिनिटं. हा साधा हिशोब मी आधी केला नाही.

बाराव्या दिवशी डाव्या पोटरीत कळ आली. जिना उतरताना कठड्याला धरून, एक-एक पायरी. तीन आठवडे पळणं बंद.

त्या तीन आठवड्यांत वाचायला वेळ मिळाला. जपानच्या साप्पोरोमधल्या २००४ च्या आंतरराष्ट्रीय हाफ मॅरेथॉनला १५ किलोमीटरच्या टप्प्यावर कॅमेरा लावून २८३ धावपटूंची पावलं तपासली होती. त्यात चारातले तीन टाचेवरच पडत होते, आणि ही माझ्यासारखी हौशी मंडळी नव्हेत. टाच हा गुन्हा नाही. पंज्यावर गेलं की धक्का नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. गुडघ्याचं ओझं पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जातं. ज्याची पोटरी वर्षानुवर्षं तशी तयार झालीय त्याचं ठीक. माझी पोटरी बँकेतल्या खुर्चीत तयार झालीय.

मार्च-एप्रिल. पावलं.

मग नडगीकडे वळलो. "पाय पुढं टाकू नकोस" असं स्वतःला बजावून काही होत नाही, उलट माणूस लाकडासारखा पळतो. पावलं थोडी वाढवली की पाय आपोआप शरीराखाली येतो, कारण पुढं जायला त्याला वेळच मिळत नाही. पेस तोच, पावलं जास्त, म्हणजे ढांग आखूड. एवढंच गणित.

इथंही आधी अतिरेक केला. सगळीकडे मिनिटाला १८० पावलांचा जप चालतो. तो आकडा आला कुठून तर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळेच १८० किंवा त्याच्या वर निघाले. ऑलिंपिकमध्ये, शर्यतीच्या वेगात! मी सकाळच्या पळण्याला, सात मिनिटांच्याच पेसला, ठेका वाजवणारा मेट्रोनोम १८० वर लावला. नाडी १४८ ची १६१ वर गेली आणि गोडोलीत फिरायला आलेल्या आजी थांबून बघायला लागल्या. चुलीवरच्या तव्यावर अनवाणी नाचल्यासारखं दिसत असणार.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेलं काम जास्त कामाचं निघालं. स्वतःच्या नेहमीच्या पावलांत ५ ते १० टक्के वाढ केली तरी गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. १५६ चे ५ टक्के म्हणजे साधारण ८. मेट्रोनोम १६४ वर. तोही सलग नाही. पाच मिनिटं आवाज चालू, पाच मिनिटं बंद, आणि बंद असताना घड्याळात बघायचं की ठेका सुटला का. पहिले दोन आठवडे दर वेळी सुटायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा बँकेत पासबुक छापताना प्रिंटरच्या ठेक्यावर पाय हलत होता, तेव्हा म्हटलं, बसतंय.

एप्रिलअखेरचं शूटिंग: पावलं १६५, घोटा ओळंब्याच्या २१ सेंटीमीटर पुढं, नडगी ६ अंश, पाय जमिनीवर ६४ फ्रेम. टाचेवरच पडतोय. पडू दे. नाडी १४९.

मे. पाठीमागून.

सरळ पळताना गुडघा शांत झाला होता, पण घाटाकडे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा उतरताना तीच जागा बोलायला लागली. सुईसारखं नाही, पण ओळखीचं. मग लक्षात आलं की आपण आजवर फक्त बाजूनं बघितलंय.

पाठीमागून शूट करताना चड्डीच्या इलॅस्टिकची रेघ बघायची. उजव्या पायावर भार आला की माझी डावी कंबर खाली पडत होती, घडीच्या खुर्चीचा एक पाय मोडावा तशी. आणि उजवा पाय मधल्या रेषेच्या पलीकडे, डाव्या बाजूला पडत होता. दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा. तो बाहेरचा पट्टा ताणला जाणारच.

उपाय अगदी देशी निघाला. शाळेच्या मैदानावर खो-खोसाठी फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. त्या रेघेवरून पळायचं, पण रेघ दोन पायांच्या मध्ये ठेवून. बुटाला फक्की लागली की चूक. पहिल्या दिवशी उजवा बूट पांढराशुभ्र, डावा स्वच्छ. याहून चांगला रिपोर्ट कुठल्या लॅबनं दिला नसता.

शिवाय घरी जिन्यावर व्यायाम. खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची, कंबर न पाडता. समोर आरसा. एका कुशीवरचा प्लँक. पायरीच्या कडेवर पोटऱ्या उचलणं, फेब्रुवारीची आठवण म्हणून. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. कंटाळवाणं आहे, यात काही गोड सांगण्यासारखं नाही.

आता यातली खरी गंमत. मैदानावरच्या शूटिंगमध्ये कंबर जेवढी पडत होती त्यापेक्षा रस्त्यावरच्या शूटिंगमध्ये जास्त पडत होती. तोच माणूस, तोच पेस, तोच आठवडा. दोन दिवस डोकं खाजवलं. मग व्हिडिओत रस्त्याची रेघ बघितली. आपला रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पावसाचं पाणी जावं म्हणून. आणि मी चार वर्षं समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनंच पळतोय. म्हणजे चार वर्षं माझा उजवा पाय डाव्यापेक्षा खालच्या जमिनीवर पडतोय. बुटांचे तळ पालथे करून बघितले. उजव्याच्या टाचेची बाहेरची कड झिजून गुळगुळीत. हा पुरावा कपाटात पडून होता, मीच वाचला नव्हता.

गाड्यांकडे पाठ करून पळा असं मी कुणालाही सांगणार नाही. मी एवढंच केलं की आठवड्यातले दोन दिवस मैदानावर नेले आणि पहाटे रिकाम्या गल्ल्यांत मधोमध पळायला लागलो.

जून-जुलै. उतार.

पाऊस सुरू झाला आणि घाटात धुकं. आता उताराचं वेगळं काम काढलं. उतरताना घाबरून मी मागं झुकतो, मागं झुकलं की पाय पुढं जातो, पाय पुढं गेला की ब्रेक. जानेवारीतला सगळा आजार उतारावर दुपटीनं परत येतो. शिवाय उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना "आई गं" निघतं. त्याला सवय हाच उपाय. दर दहा दिवसांनी घाटाचा एक तुकडा, आधी दोन किलोमीटर, मग तीन, मग पाच. पावलं १७२ च्या आसपास, आखूड. नजर पायाशी नाही, दहा-बारा मीटर पुढं. हात थोडे बाहेर.

ग्रुपमधल्या एकानं व्हिडिओ बघून सांगितलं की माझी मान डुलते, ती आधी सुधार. मी सुधारणार नाही. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ २००३ मध्ये लंडनला मान डोलवत डोलवतच २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पळाल्या. चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक यांचा चेहरा तर फाशीला नेत असल्यासारखा असायचा आणि १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीन सुवर्णपदकं नेली. दिसायला वाईट ते सगळं दुरुस्त करत बसलो तर पळायचं कधी? दुखतं त्याच्याशी किंवा ब्रेक लागतो त्याच्याशी ज्याचा संबंध आहे तेवढंच बघायचं, असं मी ठरवलंय. तेही एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कुणाचा आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

गेला रविवार.

१८ किलोमीटर, घाट वर आणि परत. उतरताना गुडघा गप्प. मी इतका कान लावून होतो की समर्थ मंदिरापर्यंत आलो तेव्हा मान अवघडली होती.

पण घड्याळानं चुगली केली. चौदाव्या किलोमीटरपर्यंत पावलं १६५-१६६, त्यानंतर १६३, १६१, आणि शेवटच्या सपाट तुकड्यात १५९. पेस मात्र तोच. म्हणजे दमल्यावर पाय गुपचूप जुन्या ढांगेवर जातो. मुलीला हा तक्ता दाखवला. ती म्हणाली, "मग आठ किलोमीटरनंतर कशाला शूट करता? सोळानंतर करा." येत्या रविवारी स्टूल घेऊन ती साडेआठला मैदानावर येणार आहे. बदल्यात तिला भूमितीच्या गृहपाठातून एक दिवस सुट्टी.